समान कामाला कमी पगार: बाजारावर भिस्त की कायद्यावर?

तेच काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्याला जास्त पगार मिळतो हे कळलं, की दोन वाटा असतात: दुसरीकडची ऑफर आणून पगार वाढवून घेणं, नाहीतर कायद्याने दाद मागणं.

मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते पहिली वाट सांगतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1957 मध्ये मांडलं, की भेदभावाची किंमत मालकालाही मोजावी लागते. कमी पगारात राबणारी कुशल बाई शेजारचा मालक थोडे जास्त देऊन नेतो. मुंबईत बीकेसी, पवई, अंधेरीत ज्या कामाला माणसं मिळत नाहीत, तिथे हे खरंच घडतं. ऑफर बघताना सीटीसीवर, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च, त्या आकड्यावर जाऊ नका. हातात येणारा पगार, व्हेरिएबलचा (कामगिरीवर ठरणाऱ्या रकमेचा) वाटा आणि आताच्या नोकरीतला नोटीस पिरियड बघा. नोटीस 90 दिवसांची असेल तर नवा मालक बहुधा थांबत नाही आणि घासाघीस तिथेच संपते.

ही वाट जिला नोकरी सोडता येते तिचीच. पाळणाघर सातला बंद होतं म्हणून ठरलेली बदलापूर लोकल गाठावीच लागते, तिला दहा कंपन्यांतल्या दोनच परवडतात. मालकाला ते पक्कं ठाऊक असतं. इथे बाजाराचा युक्तिवाद लंगडा पडतो.

1976 चा समान वेतन कायदा आता वेतन संहितेत, म्हणजे पगाराचे जुने कायदे एकत्र करणाऱ्या कायद्यात आला आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तुलना एकाच मालकाकडच्या कामांची होते आणि पदनामापेक्षा कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी बघितली जाते. दाव्याला मुदत 3 वर्षं, भरपाई दाव्याच्या रकमेच्या 10 पटींपर्यंत. अडतं ते पुराव्यावर: सहकाऱ्याच्या पगाराचा आकडा बहुतेकदा ऐकीव असतो. आणि वेळ. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार घेणाऱ्या ऑड्री डिकॉस्टा यांची नोकरी 1977 मध्ये गेली, सुप्रीम कोर्टाचा निकाल 1987 मध्ये आला. कंपनीच्या आर्थिक अडचणीची सबब कोर्टाने मानली नाही.

बाजारवाद्यांची टीका आम्हाला पटते ती मातृत्व रजेबाबत. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेत, 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर तो खर्च महामंडळ उचलतं. पगार त्याहून जास्त असेल तर सगळा खर्च मालकाच्या खिशातून. मग लहान ऑफिसातला मालक तरुण मुलीला घेतानाच कचरतो. हा बोजा समाजाने मिळून उचलायला हवा.

मराठीत बाजारवादी स्त्रीविचार नवा नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला महिला अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत सरकारी हुकमाशिवाय शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. नावावर मालमत्ता असलेली बाई घासाघिशीत लवकर नमत नाही.

दोन्ही वाटा एकामागून एक धरता येतात. डिकॉस्टा यांनीही नोकरी गेल्यावरच दावा केला होता. राजीनामा देण्याआधी 3 वर्षांच्या पगारपावत्या, अप्रेझलची पत्रं आणि आपल्याला कोणती कामं नेमून दिली होती त्याची नोंद काढून ठेवा. शेवटच्या दिवशी कंपनीचा ईमेल बंद होतो.