घरी येऊन कबुतरांना लस: ठाण्यातल्या पक्ष्यांच्या डॉक्टरांचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक कापला तो वेळेसाठी. सहाला येतो म्हणाले आणि दिवेलागण होऊन गेल्यावर उगवले, कळव्याच्या पुलावर ट्रॅफिक होतं म्हणे. ते कधी नसतं? अर्थात अंधार पडल्यावर कबुतरं निमूट हाती लागतात, त्यामुळे उशीर आमच्या पथ्यावरच पडला.

खारेगावला आमच्या गच्चीवर ढाबळ आहे, म्हणजे कबुतरांचं खुराडं. पंख्यासारख्या शेपटीचे लक्के, थोडी उडवायची कबुतरं, बाजूला जाळीच्या खोलीत सिल्व्हर फेझंट या कोंबडीसारख्या शोभेच्या पक्ष्यांची जोडी, आणि घरात कॉकाटील, म्हणजे तुऱ्याचा छोटा पोपट. गेल्या पावसाळ्यात गल्लीतल्या एका मित्राच्या ढाबळीत मानमोडी शिरली, म्हणजे कोंबड्यांच्या रानीखेत रोगाचाच कबुतरांतला भाऊ. हिरवी पातळ विष्ठा, मग मान उलटी फिरायची, दाणा टिपायला जावं तर चोच भलतीकडेच. निम्मी ढाबळ रिकामी झाली. लस दिली नव्हती असं नाही. दुकानातून लासोटा या रानीखेतच्या लशीची कुपी आणलेली, पण दुकानदाराने ती साध्या पिशवीत घालून दिली, लोकलच्या उकाड्यातून ती घरी आली आणि नळाच्या पाण्यात कालवली गेली. ती जिवंत विषाणूची लस, तिला २ ते ८ अंशांची थंडी लागते, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिला मारून टाकतं. बिचाऱ्या पाखरांनी नुसतं पाणी प्यायलं.

त्यामुळे डॉक्टर आल्यावर मी आधी त्यांचा डबा पाहिला. बर्फाच्या पिशव्या, मधे थर्मामीटर, आकडा त्यांनी स्वतःहून दाखवला. बाटली कापडात गुंडाळलेली, कारण डॉक्टरांची मानमोडीवरची लस मेलेल्या विषाणूची, तेलातली, ती गोठली की वाया जाते. टोचण्याआधी ती तळहातात धरून जरा ऊब दिली. प्रत्येक पक्ष्याला नवी सुई. मानेच्या मागे, अगदी खालच्या बाजूला कातडी चिमटीत उचलून टोचतात. वर डोक्याकडे कातडीखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, तिथे सुई गेली तर पाखरू हातातच जायचं. पिसं फुगवून बसलेल्या दोघांना त्यांनी लस दिलीच नाही. "काका, आजाऱ्याला टोचायचं नसतं, यांना आधी वेगळं ठेवा."

फेझंटच्या बाबतीत तर त्यांनी घाईच केली नाही. लस कोंबड्यांसाठी बनवलेली, फेझंट कोंबडीच्या कुळातला असला तरी कोंबडी नव्हे. आधी नराला दिली, मादीला पुढच्या भेटीत, आणि तीन आठवड्यांनी रक्त तपासून अंगात रोगाशी लढायची ताकद आली का ते बघू म्हणाले. चहा घेता घेता अमेरिकेतल्या कॉन्डॉर गिधाडांची गोष्ट सांगितली. २०२३ मध्ये बर्ड फ्लूने ॲरिझोना-युटाकडची २१ कॉन्डॉर दगावली, तेव्हा तिथल्या सरकारने कोंबड्यांची लस आधी साध्या काळ्या गिधाडांना टोचून पाहिली, अपाय होत नाही म्हटल्यावर बंदिवासातल्या कॉन्डॉरना. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांनी २००५-०६ मध्ये अशीच लस दिली होती, तर काही जातींत ताकद छान आली, काहींत बेताचीच.

मग मी विचारलंच, आपल्याला बर्ड फ्लूची लस का नाही? जानेवारी २०२१ मध्ये घोडबंदर रोडला बगळे मरून पडले होते, तेव्हापासून डोक्यात होतं. त्यांनी सरळ नकारच दिला. २००६ मध्ये नवापूरला पहिल्यांदा साथ आली तेव्हापासून आपल्याकडे धोरण साथीच्या जागेभोवतालच्या कोंबड्या मारण्याचं आहे, लस टोचण्याचं नाही. कॉकाटीलच्या चोच-पिसांच्या आजारावरही बाजारात लस नाही, नवा पक्षी आणला की महिनाभर वेगळा ठेवा, तपासणी करा, एवढंच. दुसरा कोणी ताकदीचं इंजेक्शन टोचून पैसे घेऊन गेला असता. मला हा नकार सुईपेक्षा जास्त मोलाचा वाटला.

पैशाचं: येण्याची फी वेगळी, लस वेगळी, बिल लेखी मिळतं. खटकलं एकच. बाटली शेकडो मात्रांची असते, फोडली की उरलेली टाकावी लागते, आणि पैसे पूर्ण बाटलीचे पडतात. फोनवर हे आधी सांगायला हवं होतं. म्हणून बोलावण्याआधी आसपासच्या दोन-चार ढाबळवाल्यांना, घरी गावठी कोंबड्या असणाऱ्यांनाही विचारून घ्या आणि एकाच संध्याकाळी सगळ्यांचं उरकून टाका. फक्त सुया आणि पक्षी धरणारे हात प्रत्येक घरचे वेगळे असू द्या, नाहीतर एका ढाबळीचा रोग दुसरीत जाईल.