रत्नागिरीत भाड्याने जागा शोधताय? टोकन देण्याआधी हे वाचा

पहिली नोकरी लागून रत्नागिरीत जागा शोधणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. टोकन आणि डिपॉझिट म्हणून माझ्याकडून आणि माझ्या मैत्रिणीकडून एका माणसाने ३५,००० रुपये घेतले आणि तो गायब झाला. ही युक्ती चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, कुठेही चालेल, कारण ती इथल्या बंद घरांवर बेतलेली आहे.

आपल्याकडे बहुतेक बिल्डिंगमध्ये एखादा ब्लॉक वर्षभर बंद असतो. मालक मुंबईला किंवा डोंबिवलीला. गणपतीत आणि मे महिन्यात काही दिवस दार उघडतं. किल्ली शेजारच्या काकूंकडे, म्हणजे पावसात गळलं तर कुणी आत जाऊन बघेल. या माणसाने काकूंना सांगितलं, "मालकांनी पाठवलंय, भिंतीची ओल बघायची आहे." त्याने मालकांचं नाव, त्यांचं गाव, मुलगा कुठे नोकरीला आहे, सगळं बरोबर सांगितलं. काकूंनी किल्ली दिली. दोन दिवसांनी त्याच किल्लीने दार उघडून त्याने आम्हाला जागा दाखवली.

आमचं ऑफिस मिरजोळे एमआयडीसीत. कुवारबाव जवळ पडतं, रेल्वे स्टेशनही त्याच बाजूला, त्यामुळे गावी जायला सोपं. पण संध्याकाळी उशिरा परतायचं असेल तर मारुती मंदिर, माळनाक्याकडे वर्दळ असते, दुकानं आणि मेस हाताशी, म्हणून आमचा ओढा तिकडे होता. भाडी मात्र तिथे जास्त. मांडवीकडची जागा समुद्रामुळे मोहात पाडते, पण खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज आणि गॅसची शेगडीसुद्धा गंजते. हे सगळं आम्ही त्याच्याशी बोललो. मे महिन्यात पाणी येतं का, टँकर मागवावा लागतो का, जुलैत पश्चिमेच्या भिंतीला ओल धरते का, वीज गेली तर किती वेळ जाते? प्रत्येक प्रश्नाला त्याने नीट आणि खरं उत्तर दिलं. ओल धरते हेही लपवलं नाही, वर कपाट कुठल्या भिंतीला लावू नये तेही सांगितलं. त्यामुळेच विश्वास बसला. त्याने परिसराबद्दल सांगितलेलं सगळं आजही खरं आहे. खोटी होती ती एकच गोष्ट: ती जागा भाड्याने द्यायचा त्याला काहीही अधिकार नव्हता.

मग घाई सुरू झाली. "एक बँकवाले आज संध्याकाळी टोकन द्यायला येतायत, पण तुम्ही आपल्याकडच्या मुली, म्हणून आधी विचारतो." क्यूआर कोड स्कॅन केल्यावर वेगळंच नाव आलं, तर म्हणाला, "मिसेसचं खातं आहे." करार नोटरी करू म्हणाला. मालक मुंबईला आहेत, रजिस्ट्रेशनसाठी त्यांना इथे यायला लावायचं म्हणजे महिना जाईल, असं कारण दिलं.

हे कारण साफ खोटं आहे आणि नवख्या माणसाला ते पटतं, म्हणून इथे थोडं थांबते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची, नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो, आणि मालक डोंबिवलीत बसून आपला ठसा देऊ शकतो. मालक लांब आहेत म्हणून नोटरीवर भागवू, असं कुणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

सामानाचा टेम्पो घेऊन आम्ही पोचलो तेव्हा काकू दारात आल्या. "अगो, त्यांनी ती जागा कुणाला दिलीच नाय. पोरगीचं लग्न आहे, ती माणसं पुढच्या महिन्यात येतायत." त्यांनी तिथूनच मालकांना फोन लावला. मालकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. काकू रडायला लागल्या, किल्ली आपण दिली म्हणून. त्यांचा यात काही दोष नाही. शेजाऱ्याची किल्ली सांभाळणं इथे कुणी उपकार म्हणून करत नाही, आणि त्या माणसाने नेमका याचाच फायदा घेतला. याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

जागा आवडली की वीजबिल मागा, पूर्ण, कापलेला फोटो नको. त्यावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक आपल्या पेमेंट ॲपमध्ये महावितरणच्या बिलासाठी टाकला की ग्राहकाचं नाव दिसतं. तेच नाव घरपट्टीच्या पावतीवर हवं, आणि पैसे जाणार ते खातंही त्याच नावाचं हवं. मालकांशी व्हिडिओ कॉलवर बोला, पण नंबर एजंटकडून घेऊ नका, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून किंवा शेजारून घ्या. किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना तर विचाराच, एजंट समोर नसताना.

पैसे गेलेच तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, पोलीस ठाण्यात त्यानंतर जा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर रक्कम गोठवता येते. आमची थोडी रक्कम अशीच बँकेत अडकवून ठेवली आहे, बाकीची त्याच दिवशी काढली गेली होती. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली नोंदवला आहे.

त्याचा नंबर आता बंद आहे, पण त्याच घराचे फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा फिरताना मला दिसलेत, आता नाचणे रोडचा पत्ता टाकून. हिरव्या टाइल्सचा ओटा, हॉलमध्ये लाकडी झोपाळा, बाल्कनीच्या जाळीबाहेर फणसाचं झाड. ही जागा कुणी दाखवली तर पैसे देऊ नका. आधीच दिले असतील तर व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि तुमची स्वतंत्र तक्रार नोंदवा.