पिक्सेल ९ए : सात वर्षांसाठी फोन घेताय, तर बॅटरीचं गणित आधी मांडा

गूगलचा पिक्सेल ९ए एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला. एकच प्रकार, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण. तेव्हाची किंमत ४९,९९९ रुपये. एवढ्या पैशांत याहून वेगवान आणि याहून झटपट चार्ज होणारे फोन सहज मिळतात. तरीही हा फोन विचारात घ्यावा असं वाटतं ते एका मोठ्या कारणासाठी: अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेचे अपडेट सात वर्षं, म्हणजे २०३२ पर्यंत मिळणार आहेत. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याला याचा काडीचा उपयोग नाही. ‘एकदा घेतला की पाच-सहा वर्षं बघायला नको’ म्हणणाऱ्याला मात्र हीच गोष्ट सगळ्यात मोलाची आहे, आणि हे परीक्षण त्याच्यासाठी आहे.

अपडेट सात वर्षं येतील, पण फोनचं अंग तेवढं टिकेल का? सगळ्यात आधी थकते ती बॅटरी, म्हणून सुरुवात तिथून.

बॅटरी ५१०० एमएएचची आहे आणि नवी असताना दिवसभर निर्धास्त वापरू देते. पण या फोनात ‘बॅटरी हेल्थ असिस्टन्स’ नावाची एक सोय आहे, जी बंद करता येत नाही. २०० चार्ज सायकल झाल्या की फोन बॅटरीचा कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरवायला लागतो आणि हे १००० सायकलपर्यंत चालू राहतं. सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज ६० आणि उद्या ४० टक्के वापरलीत तर दोन दिवसांची मिळून एक सायकल. रोज साधारण ७० टक्के बॅटरी खर्च होत असेल, तर २०० चा आकडा साडेनऊ महिन्यांत गाठाल आणि १००० चा चार वर्षं भरायच्या जरा आधी. १००० सायकलनंतर बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास राहावी असं गूगलचं सांगणं आहे. म्हणजे हिशेबाने ४०८० एमएएच. दिवस तेव्हाही निघेल, पण रात्री आठला चार्जर शोधावा लागेल.

असं का करतात, तर लिथियमची बॅटरी वरच्या व्होल्टेजवर जितका वेळ राहते तितकी लवकर झिजते, आणि जुनी झाल्यावर फुगण्याचा धोका वाढतो. याच मालिकेतल्या आधीच्या फोनांचा इतिहास इथे ठाऊक असायला हवा. काही पिक्सेल ७ए फोनांच्या बॅटऱ्या फुगल्या म्हणून २०२५ मध्ये गूगलने त्या मोफत बदलून देण्याची योजना काढली, त्यात भारतही होता. पिक्सेल ६ए साठी जुलै २०२५ मध्ये सक्तीचा अपडेट आला, ज्याने ४०० सायकलनंतर त्यातल्या काही फोनांच्या बॅटरीची क्षमता कमी केली. ग्राहकाच्या हातात फोन असताना मध्येच नियम बदलण्यापेक्षा ९ए मध्ये तो पहिल्या दिवसापासून सांगितलेला आहे, हे बरंच बरं. पण पन्नास हजार मोजणाऱ्याला बंद-चालू करायचं बटणही मिळू नये, हे मला पटत नाही.

तेव्हा सात वर्षांचा विचार असेल तर चौथ्या वर्षी एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च आजच हिशेबात धरा. ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच करून घ्या. फोन उघडला की पाणी रोखणारी चिकटपट्टी तुटते. ती नवी आणि नीट बसवली नाही तर पाणी-धुळीपासून बचावाचा आयपी ६८ हा शिक्का नावापुरता उरतो. तुमच्या जिल्ह्यात असं सेंटर आहे का, नसेल तर फोन कुठे पाठवावा लागेल आणि किती दिवस फोनाविना काढावे लागतील, हे पैसे देण्याआधी विचारा. मुंबई-पुण्याच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी कॅमेऱ्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

झीज कमी ठेवायला एक सेटिंग पहिल्याच दिवशी लावा. सेटिंग्जमध्ये बॅटरी, मग बॅटरी हेल्थ, मग चार्जिंग ऑप्टिमायझेशन, आणि तिथे ८० टक्क्यांची मर्यादा. प्रवासाच्या आदल्या रात्री ती काढायची, परतल्यावर पुन्हा लावायची. मध्येच कधी फोन आपणहून १०० टक्क्यांपर्यंत गेला तर घाबरू नका, बॅटरीचं मोजमाप बरोबर राहावं म्हणून तो अधूनमधून तसं करतो. आतापर्यंत किती सायकल झाल्या हे ‘अबाउट फोन’मधल्या बॅटरी इन्फर्मेशनमध्ये दिसतं. जुना ९ए विकत घेताना विक्रेत्यासमोरच हे पान उघडा. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या फोनाचं खरं वय तिथे कळतं. आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात मॅप चालू, वर चार्जिंगही चालू, हे करूच नका. उष्णता आणि भरलेली बॅटरी ही जोडी सगळ्यात घातक.

चार्जर डब्यात नाही. मिळते ती दोन्ही टोकांना सी-टाइप असलेली केबल, त्यामुळे घरातल्या जुन्या चौकोनी खाचेच्या चार्जरला ती बसतच नाही. घरी दुसऱ्या कंपनीचा ८० वॅटचा चार्जर पडून असेल तरी फारसा उपयोग नाही, कारण असे बरेच चार्जर आपल्याच फोनाशी पूर्ण वेगाने बोलतात आणि इतरांना बेताचीच वीज देतात. या फोनाला पीडी-पीपीएस (अनेक कंपन्यांच्या फोनांना चालणारी सामायिक चार्जिंग पद्धत) लिहिलेला चार्जर लागतो. तो लावूनही कमाल वेग २३ वॅटच, म्हणजे रिकामा फोन पूर्ण भरायला दीड तासाच्या वर. सकाळी वीस मिनिटं लावून पळणाऱ्यांना हा फोन वैताग आणेल.

बांधणी छान आहे. वजन १८६ ग्रॅमच्या आत, पडदा ६.३ इंचांचा, एका हातात मावतो. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा जवळजवळ नाहीच, त्यामुळे टेबलावर ठेवून टाइप करताना फोन डुगडुगत नाही. इतकी साधी गोष्ट आज किती थोड्या फोनांत राहिली आहे! पडद्याची चमक १८०० निट्सपर्यंत जाते, शेतात भर दुपारी ई-पीक पाहणीचं ॲप उघडलं तरी हाताची सावली न धरता वाचता येतं. काच मात्र गोरिला ग्लास ३, म्हणजे २०१३ सालची. खिशात किल्ल्या-नाणी ठेवणाऱ्यांनी काच लावून घ्यावी. काच लावली की सेटिंग्जच्या डिस्प्ले विभागात टच सेन्सिटिव्हिटीखाली ‘स्क्रीन प्रोटेक्टर मोड’ चालू करायचा आणि बोटांचे ठसे पुसून नव्याने नोंदवायचे. ठसा पडद्याखालून प्रकाशाने वाचला जातो. जाड गोंदाची काच मध्ये आली की तो चुकतो, आणि दोष फोनाला दिला जातो. तिथेच ‘स्मूद डिस्प्ले’ चालू आहे का तेही बघा, नाहीतर १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा घेऊन ६० वर वापरत बसाल.

आयपी ६८ म्हणजे दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. समुद्राचं पाणी त्यात धरलेलं नाही आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. कोकणातल्या पावसात जास्त वेळा होतं ते वेगळंच: चार्जिंगच्या खाचेत ओल शिरते, फोन तशी सूचना देतो आणि चार्जिंग नाकारतो. हेअर ड्रायर मारू नका, काडी घालू नका. खाच खाली करून हलकेच आपटा आणि वाऱ्यावर ठेवा. तोवर साडेसात वॅटचं वायरलेस चार्जिंग उपयोगी पडतं, फोनाची पाठ कोरडी असली की झालं.

कॅमेरा ही या फोनाची मुख्य कमाई. मागे ४८ आणि १३ मेगापिक्सेल, पुढे १३. आकडे लहान वाटतील, पण सावळ्या चेहऱ्याला उगाच गोरं न करणारा, मंडपातल्या पिवळ्या दिव्यांखाली पैठणीचा रंग बराचसा जागेवर ठेवणारा फोन या किमतीत दुसरा सांगणं अवघड आहे. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय, या मालिकेत पहिल्यांदाच आला आहे. कपाशीचं पान उलटं धरून जवळ नेलं की मावा-तुडतुडे एकेक वेगळे दिसतात, कृषी सहायकाला पाठवायला याहून चांगला फोटो लागत नाही. पान हलत असेल तर दुसऱ्या हाताने देठ धरा. मॅक्रोत फोकसची जागा इतकी पातळ असते की वाऱ्याच्या झुळकीनेही फोटो पुसट येतो. उणीव दूरच्या फोटोंत आहे. खरी झूम भिंग नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून दुप्पट झूमपर्यंत चेहरा नीट येतो, आठपटीला तो रंगवल्यासारखा दिसतो. लहान मुलं धावताना, संध्याकाळच्या उजेडात, फोटो हललेले येण्याचं प्रमाणही कमी नाही.

टेन्सर जी ४ ही चिप रोजच्या कामाला पुरते, पण गेमसाठी हा फोन घेऊ नका. वनप्लस १३आर जानेवारी २०२५ मध्ये ४२,९९९ रुपयांना आला; त्यात स्नॅपड्रॅगन ८ जेन ३, ६००० एमएएच बॅटरी आणि डब्यातच ८० वॅटचा चार्जर. निव्वळ ताकदीत ९ए त्याच्या जवळपासही नाही. मोबाइल नेटवर्क सांभाळणारा मोडेमही मागच्या पिढीचा, एक्सिनोस ५३००. घाटात किंवा पातळ सिग्नलच्या गावात ५जी आणि ४जी यांच्यात फोन सारखा उड्या मारत राहिला तर तो गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते. सिमच्या सेटिंगमध्ये प्राधान्य एलटीईला, म्हणजे ४जीला द्या, फरक त्याच दिवशी कळेल.

आता ॲप. पहिलं सुख म्हणजे नको असलेलं काहीच आधीपासून भरलेलं नाही. लॉक स्क्रीनवर जाहिराती नाहीत, ‘हा गेम बघा’ म्हणणाऱ्या सूचना नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी फोन घेताना हे एकच कारण पुरेसं ठरू शकतं. त्यांच्यासाठी एक बदल मात्र करून द्या: पॉवरचं बटण दाबून धरलं की जेमिनी हे गूगलचं एआय सहायक ॲप उघडतं, फोन बंद होत नाही, आणि ते गोंधळतात. सिस्टीममधल्या जेश्चर्समध्ये ते बदलता येतं. पॉवर बटण पाच वेळा झटपट दाबलं की आपत्कालीन मदत सुरू होते, तेही पर्सनल सेफ्टी ॲपमध्ये नीट बसवून त्यांना एकदा दाखवा.

एआयच्या जाहिरातींवर जाऊ नका. पिक्सेल ९ मध्ये असलेलं स्क्रीनशॉट्स ॲप आणि कॉल नोट्स इथे नाहीत, कारण ८ जीबी रॅममध्ये एआयचं छोटं मॉडेलच बसतं. जेमिनीशी मराठीत बोलता येतं, ते समजतंही, पण उत्तराची वाक्यं बऱ्याचदा हिंदीच्या वळणावर जातात. रेकॉर्डर ॲप आवाज स्वच्छ टिपतं, मात्र मराठी बोलणं आपोआप लिहून देत नाही. मुलाखती किंवा सभा नोंदवणाऱ्यांनी हे धरूनच चालावं.

मराठी लिहिण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते इतर परीक्षणांत नसतं. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठीचे दोन मार्ग आहेत, थेट देवनागरी किंवा रोमन अक्षरांतून. रोज लिहिणाऱ्याने थेट देवनागरी शिकून घ्यावी. ‘दऱ्या’तला अर्धा र हवा असेल तर र दाबून धरा, ऱ निवडा, मग हलन्त आणि य. साधा र घेतलात तर ‘दर्या’ होईल, दऱ्यांचा थेट समुद्र. दुसरी अडचण दिसतच नाही. ‘ॲड.’ हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ॲ हे एकच अक्षर घेऊन, किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगवेगळे. जुन्या फोनातून आलेल्या संपर्कांत वकिलांचं नाव सापडलं नाही, तर नंबर गेला असं समजू नका, दुसऱ्या तऱ्हेने लिहून शोधा. पूर्ण फोन मराठीत नको असेल तर एकेका ॲपची भाषाही वेगळी ठेवता येते.

मेमरी कार्ड बसत नाही. गूगल फोटोजवरची मोफत जागा १५ जीबीच, तीही जीमेल आणि व्हॉट्सॲपच्या बॅकअपसह. व्हिडिओ फार काढत असाल तर वर्षाकाठी क्लाउडचे पैसे किंवा घरातली हार्ड डिस्क, दोन्हीपैकी एक धरून चाला. पूर्ण किमतीला मी हा फोन घ्या म्हणणार नाही. सणासुदीच्या सेलमध्ये बँकेची सवलत धरून चाळीस हजारांच्या आसपास मिळाला, तर दीर्घ वापरासाठी यापेक्षा भरवशाचा पर्याय सुचत नाही.

घेतल्यावर घाई करू नये ती सिमची. यात प्लास्टिकचं सिम एकच बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनातच भरलं जाणारं. बँकेला आणि आधारला जोडलेला नंबर प्लास्टिकच्या सिमवरच ठेवा, जास्तीचा नंबर ई-सिमवर टाका. फोन फुटला तर सिम काढून दुसऱ्या फोनात घालायला दोन मिनिटं लागतात. ई-सिम हलवायला मेसेज, पडताळणी आणि बऱ्याचदा दुकानाची फेरी. शिवाय त्याच नंबरचं नवं सिम किंवा ई-सिम घेतलं की फसवणूक रोखण्यासाठी २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, आणि यूपीआय ॲपची नोंदणी एसएमएसवरच चालते. नोंदणी झाल्यावरही बऱ्याच बँका पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांच्या वर पाठवू देत नाहीत. म्हणून मुलांच्या फीची किंवा घरभाड्याची तारीख उलटून गेल्यावर, शनिवार-रविवार गाठून फोन बदला, आणि नव्या फोनावर एक रुपया पाठवून बघितल्याशिवाय जुना फोन रीसेट करू नका.