टॅक्सीत दणका बसला म्हणे!

मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वस्तातला ३२ इंची टीव्ही बघायला जाताय का, मग आधी हे वाचा. गणपतीच्या तोंडावर आईसाठी घेतला, साडेआठ हजारात, ब्रँड कधी नावही न ऐकलेला, पण दुकानात पिक्चर असा झगझगीत की बाजूचे कंपनीचे टीव्ही फिके वाटत होते. फसलो ते तिथेच.

सातव्या महिन्यात ऐन सिरियलमध्ये स्क्रीन काळी, आवाज मात्र चालू. आई म्हणे ऐकू येतंय ना, राहू दे. दुकानात नेला तर पोरगा म्हणतो, "पॅनल गेलंय, टॅक्सीतून नेताना दणका बसला असणार, ते वॉरंटीत नाही, साडेपाच हजार होतील." अरे दणका बसला तर सात महिने चालला कसा? पण तेव्हा डोकं चाललं नाही, हजार रुपये अ‍ॅडव्हान्स देऊन टीव्ही परत घेऊन आलो.

खालच्या मजल्यावरचे काका, आयुष्यभर टीव्ही रिपेअरिंग केलेले, त्यांनी टीव्ही लावून ट्यूबलाइट बंद केली आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला तिरका लावला. आत सिरियलमधली बाई दिसली, अंधुक, भुतासारखी, पण बोलतेय! पॅनल फुटलं असतं तर तडा, रेघा, शाईसारखा डाग दिसतो, इथे गेला होता फक्त बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचे दिवे. आतले एलईडी दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले, एक उडाला की सगळी माळ बंद. शोरूममध्ये उजेड दिसावा म्हणून त्यांना जास्त करंट देतात, ते तापून जळतात (नवीन टीव्हीचा बॅकलाइट सेटिंगमध्ये आधी कमी करा, काकांचा सल्ला). त्यात भर म्हणजे पॉवर बोर्डावर हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, तो स्वतःच तापतो) खेटून कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा डबा, तोही फक्त ८५ डिग्रीपर्यंत चालणारा, डोकं फुगलेलं. १०५ वाला थोडासाच महाग असतो, आणि तापमान १० डिग्रीने वाढलं की साधारण कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, पण वाचवले ना पैसे!

एलईडीच्या पट्ट्या आणि कपॅसिटर मिळून साडेआठशेत काम झालं.

मागच्या स्टिकरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) लोगो होता, आर पासून सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर नव्हताच. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो, दुकानात उभ्या उभ्या बघा. १९१५ ला ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे फोन लावला तर पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, त्यावर दुकानाचं नावसुद्धा नाही, नुसतं "टीव्ही ३२" आणि खाली सही, ती पण वाचता येत नाही. हजार रुपये अजून तिकडेच आहेत.