छर्ऱ्याची बंदूक: आठ महिने, सहा हजार छर्रे आणि वहीतला हिशेब

देशी बनावटीची, मधून मोडून भरायची, स्प्रिंग-पिस्टनवर चालणारी ४.५ मिमीची एअर रायफल. नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतल्या चार-पाच बंदुकांची अंगकाठी सारखीच असते आणि खालचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं. किंमत १२,००० रुपये. वापर आठवड्याला चार दिवस, दर वेळी चाळीस-पंचेचाळीस छर्रे. बाराव्या डब्याचा तळ दिसला तेव्हा हे लिहायला घेतलं.

आधी एक गैरसमज. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवल्यापासून ‘तसली बंदूक केवढ्याला येते’ हा प्रश्न सारखा ऐकू येतो. ती ५० मीटरची ०.२२ रायफल. तिच्यात खरं काडतूस असतं, परवाना लागतो, आणि ती घरी गॅलरीत चालवायची वस्तू नव्हे. घरी सराव होतो तो १० मीटरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीचा. भारतात ४.५ मिमी नळीची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यायचा आणि पक्कं बिल घेऊन जपून ठेवायचं. पाखरांवर ती चालवायची नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा छर्ऱ्यालाही लागू आहे.

खोक्यावर ‘१००० एफपीएस’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. म्हणजे सेकंदाला हजार फूट, अर्थात ३०५ मीटर. साधा ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा त्या वेगानं गेला तर ऊर्जा २४ ज्यूलच्या वर जाते, मग ही बंदूक विनापरवाना विकता येणारच नाही. तो आकडा अतिहलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यांचा असतो आणि ते छर्रे कागदावर कुठे लागतील याचा नेम नाही. ऑलिंपिकची १० मीटर रायफल सेकंदाला साधारण १७० मीटरवर चालते, म्हणजे आठ ज्यूलच्याही आत. कागदाला भोक पाडायला तेवढं पुष्कळ. तेव्हा ‘जास्त पॉवर’साठी दोन हजार जादा मोजू नका. त्या दोन हजारांत जास्त धक्का, जास्त आवाज आणि लवकर ढिली पडणारी स्प्रिंग येते.

नवी बंदूक पहिले तीन-चारशे छर्रे नीट वागत नाही. कारखान्यातलं ग्रीस पिस्टनपुढे साचलेलं असतं, ते दाबाच्या उष्णतेनं पेटतं. नळीतून धूर, जळका वास, आवाज कधी ‘फट्’ कधी ‘ठो’, आणि छर्रा कधी वर कधी खाली. याला डिझेलिंग म्हणतात. ते आपोआप शमतं. या काळात साइट (नेम धरायची खूण) फिरवत बसण्यात अर्थ नाही, आणि परत करायचा विचारही करू नये. फक्त नळी पुसून घ्यायची: ग्रास-कटरच्या नायलॉन दोरीला सुती चिंधी अडकवून ब्रीचकडून (छर्रा भरायच्या टोकाकडून) तोंडाकडे ओढायची, चिंधी पांढरी येईपर्यंत. लोखंडी सळई आणि तारेचा ब्रश नळीत घालायचा नाही.

तेलापायी सर्वांत जास्त बंदुका खराब होतात. आवाज कमी झाला, बंदूक ‘कोरडी’ वाटली की लोक शिलाई मशीनचं तेल नाहीतर गंज काढायचा स्प्रे पिस्टनच्या भोकात मारतात. दोन दिवस बंदूक जोरात वाजते, माणूस खूश. प्रत्यक्षात तेल पेटतंय, सील करपतंय आणि स्प्रिंगवर उलटा दणका बसतोय. तेल लागतं ते बाहेरून, बिजागरीच्या बोल्टला एक थेंब आणि नळीच्या बाहेरच्या अंगाला पुसट हात. पावसाळ्यात तो हात दर वापरानंतर मारावा लागतो, कारण घामाच्या बोटांचे ठसे काळ्या पॉलिशवर तीन-चार दिवसांत तांबूस होतात. रेक्झिनच्या पिशवीत तर ठेवूच नका, ती ओल धरते.

ट्रिगर हा हिचा सर्वांत मोठा दोष. प्रवासाची बॅग मोजायचा हुकवाला काटा लावून पाहिलं तर अडीच किलोच्या आसपास ओढ. स्पर्धेच्या एअर रायफलीचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास लावलेला असतो. मोजताना छर्रा भरलेला हवा आणि तोंड छर्रापेटीकडेच (छर्रे अडवायच्या पेटीकडेच) हवं, कारण रिकामी चालवली तर पिस्टनपुढे हवेची उशी राहत नाही आणि तो थेट टोकावर आदळतो. ट्रिगरमागचा छोटा स्क्रू पहिल्या टप्प्याची लांबी बदलतो, वजन नाही. तो पूर्ण आत पिळून ‘हलका’ करण्याच्या नादात ट्रिगर अर्धवट अडकतो आणि मग बंदूक मोडून बंद करतानाच सुटू शकते. म्हणून छर्रा भरताना एका हातानं नळी घट्ट धरूनच ठेवायची, बोटं ब्रीचमध्ये असताना कुठल्याच खटक्यावर भरवसा नाही. अडीच किलोची सवय होते. क्लबची रायफल हातात आली की पहिले दहा छर्रे मात्र मनात येण्याआधीच सुटतात.

आता छर्रे. दोन प्रकारचे वापरले. देशी डबा ४०० रुपयांचा, परदेशी मॅच, म्हणजे स्पर्धेच्या छर्ऱ्यांचा, डबा १,२०० चा, दोन्हींत ५०० नग. म्हणजे छर्रा ८० पैशांना किंवा २ रुपये ४० पैशांना. देशी डब्यातले सगळे नग पांढऱ्या कागदावर ओतले की तळाशी शिशाची पूड आणि कातरण दिसतं. दर डब्यात चाळीसेक छर्ऱ्यांची कड चेपलेली. काचेच्या तुकड्यावर घरंगळवले की कड वाकलेले तिरके जातात, ते बाजूला काढायचे. अंगठ्यानं ब्रीचमध्ये दाबताना जो छर्रा कसलाही अडथळा न देता गळून पडतो, तो नेमासाठी बाद. टेकून, १० मीटरवर, पाच छर्ऱ्यांचा गट, म्हणजे सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, केंद्र ते केंद्र मोजला: देशी निवडलेले १२ ते १५ मिमी, मॅच छर्रे ८ मिमीच्या आसपास. न निवडलेल्या देशी छर्ऱ्यांत दर पाचातला एक अंगठ्याएवढा लांब जातो आणि माणूस स्वतःच्या श्वासाला दोष देत बसतो. टोकदार छर्ऱ्यांना १० मीटरवर काही अर्थ नाही. सपाट तोंडाचे घ्या, ते कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतात आणि गुण मोजता येतात.

पकडीबद्दल दोन ओळी, कारण इथे छर्रे वाया जातात. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी धक्का देते, आणि छर्रा नळीत असतानाच तो सुरू झालेला असतो. घट्ट आवळली की दर वेळी वेगळीकडे उडी मारते. पुढचा हात उघडा तळवा करून ट्रिगर गार्डच्या थोडा पुढे ठेवायचा आणि बंदूक त्यावर नुसती टेकवायची. दर वेळी तीच जागा, म्हणून दस्त्याला खालून चिकटपट्टीची खूण.

हाच दुहेरी धक्का स्कोप (नेमाची दुर्बीण) खातो. ४,२०० रुपयांचा स्कोप आणि माउंट (तो बसवायची पकड) हा या आठ महिन्यांतला निव्वळ वाया गेलेला खर्च. साधे स्कोप मागच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात, पुढच्या हिसक्यासाठी नाही. नऊशेव्या छर्ऱ्याच्या सुमारास आतली रेघ तिरकी झाली. त्याआधी महिनाभर माउंट बंदुकीवरच्या खाचेत मागे सरकत होता आणि गट रोज नवीन जागी पडत होता. शिवाय असे स्कोप शंभर यार्डांवर स्पष्ट दिसावेत म्हणून बसवलेले, १० मीटरवर काळा गोल धुकट दिसतो. स्कोप घ्यायचाच असेल तर एअरगनसाठीचा, पुढची काच १० मीटरपर्यंत जुळवता येणारा आणि एकसंध माउंटखाली खुंटी असलेला. नाहीतर बंदुकीवरच्या उघड्या साइटवर शिका. फुकट आहे.

सैल होणाऱ्या गोष्टी: दस्त्याचे पुढचे दोन स्क्रू आणि ट्रिगर गार्डचा एक, दर दोनशे छर्ऱ्यांनी तपासायचे. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) एक थेंब लावलं की पाचशेपर्यंत टिकतात. लाल लावू नका, पुढच्या वेळी स्क्रूचं डोकंच उडेल. ब्रीचची ओ-रिंग (रबरी कडी) सव्वादोन हजार छर्ऱ्यांनंतर चपटी झाली. खूण अशी की छर्रे हळूहळू खाली पडायला लागतात. तपासायला टिश्यू पेपरची पट्टी सांध्यावर ठेवून एक छर्रा पेटीत मारायचा, पट्टी उडाली तर हवा गळतेय. पंपदुरुस्तीच्या दुकानात त्याच मापाची ओ-रिंग सहज मिळते, जुनी घेऊन जायची. स्प्रिंग आणि पिस्टन सील पाच हजारांनंतर बदललं, सुटे भाग ९०० रुपये. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते आणि मागचा ठोकळा सुटला की छातीवर येतो. सुताराचा लांब शिकंजा आणि सवयीचा हात असेल तरच घरी उघडा, नाहीतर कारागिराकडे द्या. कॉक करून, म्हणजे स्प्रिंग दाबलेली ठेवून, रात्रभर ठेवू नका, ती ढिली पडते.

घरात १० मीटर नसतात हे मान्य. ५ मीटरवर तोच गोल निम्म्या आकारात छापायचा: मूळ काळा गोल ३०.५ मिमी, तो १५.२५ येतो. छर्ऱ्याचं भोक मात्र निम्मं होत नाही, म्हणून गुण खऱ्यापेक्षा चढे दिसतात. मूळ कार्ड ८० मिमी चौरस असतं, ए-फोर पानावर सहा बसतात. झेरॉक्सच्या कागदाला फाटकी भोकं पडतात, जाड कार्डशीट पाच रुपये पान. एका कार्डावर पाच छर्रे धरले तर सहा हजारांना दोनशे पानं.

छर्रापेटी प्लायवूडची, एक फूट लांब-रुंद, मागे ३ मिमीचा लोखंडी पत्रा खाली झुकता, पुढे रद्दी. टेलिफोन डिरेक्टऱ्या आता मिळत नाहीत, जुने दिवाळी अंक उत्तम चालतात. एकाच जागी साठ-सत्तर छर्रे पडले की भगदाड पडतं, म्हणून दर सत्राला गठ्ठा फिरवायचा. आठ महिन्यांत तीन किलोहून जास्त शिसं त्यात जमतं. ते बॅटरी-भंगारवाल्याकडे द्यायचं, घरच्या गॅसवर वितळवायचं अजिबात नाही. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय चहालाही हात लावायचा नाही, लहान मूल घरात असेल तर कपडेही बदलायचे.

हिशेब असा. बंदूक १२,०००. देशी छर्ऱ्यांचे आठ डबे ३,२००, मॅचचे चार ४,८००. कार्डशीट १,०००. पेटी ४५०. थ्रेडलॉकर, दोरी, स्क्रूड्रायव्हर ५५०. स्प्रिंग-सील ९००. स्कोप ४,२००. एकूण २७,१००, म्हणजे छर्ऱ्यामागे साडेचार रुपये. पण चालू खर्च, छर्रे आणि कागद, महिन्याला १,१२५ रुपयेच. स्कोप गाळला तर तेवढ्या पैशात आणखी जवळजवळ चार महिने सराव झाला असता, आणि गट त्यानं नक्कीच लहान झाला असता.

शौकिनांत इथे दोन तट आहेत. एक म्हणतो, घ्यायची तर एकदाच भारी घ्या, दोनदा खर्च नको. दीड-दोन लाखांची परदेशी हवा-सिलिंडरवाली रायफल, हप्त्यावर मिळतेच. दुसरा म्हणतो, पाच हजार छर्रे आधी स्वस्त बंदुकीतून घाला. माझं मत दुसऱ्या बाजूला, तेही अर्धंच. भारी रायफलीला सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरायला स्कूबा टाकी किंवा पंप लागतो, हातपंपानं आत ओल जाते, वर जाकीट, पँट, बूट. हप्ता सुरू झाला की पहिली काटछाट छर्ऱ्यांच्या डब्यावर येते, आणि लाखाची रायफल कपाटात राहते. स्वस्त बंदूकवाल्यांची चूक उलटी: ते स्कोप, नवा दस्ता, चमकदार पिशवी असं सुटं-सुटं घेत दुसऱ्या बंदुकीएवढे पैसे घालतात आणि ट्रिगर अडीच किलोचाच राहतो. शिकायचं गंभीरपणे असेल तर घरी ही आणि महिन्यातून चार वेळा क्लबची भाड्याची मॅच रायफल, हा मेळ बसतो.

पुढे जुनी मॅच रायफल घ्यायची वेळ आली तर नळी आणि दस्ता नंतर पाहा. आधी हवेचा सिलिंडर काढायला लावा आणि त्यावर कोरलेला बनावटीचा महिना-वर्ष वाचा. बहुतेक नामांकित कंपन्या त्याची मुदत दहा वर्षं देतात. नऊ वर्षांचा सिलिंडर असेल तर नव्याची किंमत सांगितलेल्या भावातून वजा करून मगच बोला. विकणारा ‘चालतंय की अजून’ म्हणाला, तर २०० बार दाब गालाजवळ धरायचा आहे एवढं त्याला सांगा.