जुना प्रोग्रॅम आणि ओपनएसएसएल ३: कोणता मार्ग घ्यायचा?

उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेल्यावर एखादा जुना प्रोग्रॅम ‘लिबएसएसएल.एसओ.१.१ सापडत नाही’ असं सांगून बंद पडतो, कारण ती फाइल जुन्या ओपनएसएसएल १.१.१ ची आहे आणि नव्या आवृत्तीत फक्त ओपनएसएसएल ३ येतं. ओपनएसएसएल म्हणजे एन्क्रिप्शनचं काम करणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात असा तयार कोड.

एक मार्ग आधीच बाद करा: नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) देणं. प्रोग्रॅम नुसतं फाइलचं नाव बघत नाही, फंक्शनांवरचा आवृत्तीचा शिक्काही तपासतो. तो जुळत नाही. एरर तेवढी बदलते.

सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ कोड) हाती असेल तर पुन्हा बिल्ड करा, दुसरा विचार नको. १.१.१ वर चालणारे बहुतेक प्रोग्रॅम नुसतं रीकंपाइल केल्यावर ३ वर चालतात. वॉर्निंग भरपूर येतात, त्यांना घाबरू नका. अडतात ते एमडी४, आरसी४ सारखे जुने अल्गोरिदम वापरणारे. ते अल्गोरिदम ‘लेगसी’ प्रोव्हायडरमध्ये (ओपनएसएसएलच्या वेगळ्या लोड होणाऱ्या भागात) गेलेत आणि तो मुद्दाम लोड करावा लागतो.

खरा पेच सोर्सशिवाय फक्त बायनरी (तयार प्रोग्रॅम) मिळालेल्यांचा. १.१.१ चं २०.०४ मधलं डेब पॅकेज (उबुंटूची इन्स्टॉल फाइल) काही मिनिटांत बसतं. फाइलींची नावं वेगळी असल्याने दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी नांदतात. पण १.१.१ चा सार्वजनिक सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, आणि २२.०४ च्या रेपॉझिटरीत (पॅकेजच्या अधिकृत साठ्यात) हे पॅकेजच नसल्याने ॲप्ट (उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन) ते कधीच अपडेट करणार नाही. शिवाय सिस्टिमभर बसवलं की कोणताही प्रोग्रॅम ते उचलू शकतो. त्यापेक्षा पॅकेज नुसतं उलगडा, लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो दोन्ही फाइली प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि छोट्या स्क्रिप्टमधून तेवढ्यापुरता एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते सांगणारी सेटिंग) द्या. तो बॅशआरसीमध्ये (शेल, म्हणजे टर्मिनल, उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) टाकू नका. तिथून तो तुमच्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला लागू होतो.

आणखी एक मार्ग म्हणजे कंटेनर, प्रोग्रॅम बाकी सिस्टिमपासून वेगळा चालवणारी बंदिस्त जागा. त्यात २०.०४ ची अख्खी इमेज असते, त्यामुळे इतर लायब्ररींच्या जुन्या आवृत्त्याही जागेवर मिळतात. एकामागून एक फाइली गहाळ निघत असतील तर हाच मार्ग कमी त्रासाचा. मात्र कंटेनरमुळे आतलं १.१.१ सुरक्षित होत नाही. हल्ला झाला तर पसारा मर्यादित राहतो, एवढंच. २०.०४ चा नेहमीचा सपोर्टही मे २०२५ मध्ये संपला. पुढचे पॅच उबुंटू प्रो या वाढीव सपोर्टच्या सेवेतून येतात.

घरच्या मशीनवर इंटरनेटला न जोडलेलं जुनं साधन असेल तर मी फोल्डरमधली प्रत वापरेन. बाहेरून विनंत्या घेणारी सर्व्हिस असेल तर प्रो जोडलेला कंटेनर, आणि त्याच दिवशी विक्रेत्याकडे ओपनएसएसएल ३ च्या बिल्डची लेखी मागणी.