अटकपूर्व जामिनासाठी केलेल्या वकील मॅडम, माझ्याकडून 4 स्टार

मेहुण्यावर चारशेवीस, म्हणजे फसवणुकीचं कलम लागलं (नवीन कायद्यात, भारतीय न्याय संहितेत, ते 318(4) झालंय पण पोलीस स्टेशनपासून कोर्टाच्या कँटीनपर्यंत सगळे अजून चारशेवीसच म्हणतात) तेव्हा पुण्यात शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका मॅडमकडे गेलो, केस चालू आहे म्हणून नाव टाकत नाही. मॅटर मेहुण्याच्या इंटिरियरच्या कामाचं, क्लायंटशी पैशावरून वाजलं आणि मेहुण्याने ॲडव्हान्स खाल्ला म्हणून क्लायंटने एफआयआर केली. आधी एका वकिलांना भेटलेलो, ते नोटीस न वाचताच म्हणाले उद्या अटकपूर्व टाकू, गॅरंटी माझी, अर्धी फी आत्ता द्या. तिथून सरळ उठलो.

मॅडमनी आधी मोबाईलवरची पोलिसांची नोटीस झूम करून शेवटपर्यंत वाचली. कलम 35(3) ची होती, म्हणजे अटक न करता चौकशीला बोलावणारी, आधीची 41ए. म्हणाल्या शिक्षा 7 वर्षांपर्यंतची आहे, सुप्रीम कोर्टाच्या अर्नेश कुमार केसमधल्या 2014 च्या निकालापासून अशा गुन्ह्यात सरसकट उचलता येत नाही, अटक हवीच असेल तर कारणं लिहावी लागतात. पण नोटीस देऊनही माणूस गेलाच नाही तर तेच अटकेचं कारण होऊ शकतं, त्यामुळे घरी बसायचं नाही. नोटीस व्हॉट्सॲपवर आलेली, सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये अशी नोटीस चालत नाही असं सांगितलंय हे आम्ही वाचलं होतं, आम्ही खूश! तर मॅडम म्हणाल्या तो मुद्दा कोर्टासाठी ठेवा, आत्ता लेखी कळवा की नोटीसची कॉपी रीतसर द्या, मी हजर राहतोय. ते लेटर पोलीस स्टेशनच्या आवकला देऊन शिक्क्यानिशी पोच घेतली, सोबत बँक स्टेटमेंट, जीएसटीची बिलं, क्लायंटने डिझाइन बदलायला सांगितलेले मेसेज, सगळ्याची यादी करून. ती पोच पुढे सोन्यासारखी कामाला आली.

कारण चौकशीला गेल्यावर आयओ (तपास अधिकारी) साहेबांचा सूर बदलला, पैसे आणून दे नाहीतर आत बसवतो वगैरे. तेव्हा कुठे मॅडमनी सेशन्सला 482 चा, म्हणजे अटकपूर्वचा अर्ज टाकला (पूर्वीचं 438, आणि जुन्या वकिलांना 482 म्हटलं की क्वॉशिंगच (एफआयआर रद्द करून घेणं) आठवतं, ते आता 528 ला गेलंय, एकूण गोंधळ आहे). पोलिसांचा से (लेखी म्हणणं) येईपर्यंत अंतरिम संरक्षण मिळालं. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की नोटीस दिलीये म्हणजे अटकेची भीतीच नाही, अर्ज कशाला, त्यावर मॅडमनी दाखवलं की नोटीस पाळली तरी कारणं नोंदवून अटक करायची वाट त्याच कलमात उघडी आहे, आणि वर आमची पोच पुढे केली. अर्ज मंजूर. 25 हजारांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, बोलावतील तेव्हा हजेरी, साक्षीदारांशी बोलायचं नाही.

मग एक स्टार का कापला? मॅडम फोन उचलत नाहीत, सगळं ज्युनिअरवर, आणि ज्युनिअर चांगला मुलगा आहे पण त्याला पुढची तारीख विचारली की "बघून सांगतो", ते सांगणं संध्याकाळी येतं, तोवर घरच्यांचा जीव वर-खाली. फी आधी ठरली तीच घेतली, पण टायपिंग, झेरॉक्स, स्टॅम्प असं क्लार्क सुट्टं सुट्टं मागत राहतो, त्याचाही एकदाच आकडा सांगितला असता तर बरं झालं असतं. पावती मागितल्यावर मिळाली.

जाणार असाल तर एफआयआरची कॉपी आधीच काढून न्या, पोलिसांच्या साइटवरून बहुतेक केसमध्ये मिळते, नाहीतर पहिली भेट नुसती गोष्ट सांगण्यातच जाते. आणि संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर जा, सकाळी ऑफिसात कोणी भेटत नाही.